टर्बो, सासरे आणि दवाखान्याचा चढ

शववाहिकेनं ओव्हरटेक केलं की माणसानं काहीतरी ठरवायला हवं. मीही ठरवलं.

दवाखान्याच्या चढावर आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत चालली होती. मागून हॉर्न वाजला. अतिशय अदबीनं वाजवलेला, जरा संकोचलेलाच हॉर्न. त्या चढाच्या मध्यावर स्मशानाकडे जाणारा फाटा आहे. मी गाडी कडेला घेतली आणि शेजारून ती काळी गाडी शांतपणे पुढे निघून गेली. रिकामी नव्हती. तिच्यामागे नातेवाइकांची मोटार होती, आणि तिच्यातल्या एका बाईंनी डोळे पुसता पुसता माझ्याकडे कणवेनं पाहिलं. ज्यांच्या घरी दुःख झालंय त्यांना आपली कीव यावी, यापुढे अपमान नाही.

शेजारी बसलेले माझे सासरे म्हणाले, "जाऊ द्या. त्यांना वेळेवर पोचायचं असेल."

गाडी त्यांचीच. डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी, साधारण कपाटाच्या आकाराची. सासरे कालव्यांच्या खात्यात मोठे साहेब होते; निवृत्त झाल्यावर खात्यानं लिलावात काढलेली ही गाडी त्यांनी घेतली. पुढे पक्षाघातानं त्यांचा डावा हात आणि डावा पाय लुळा पडला, ते आमच्याकडे राहायला आले आणि गाडीची किल्ली माझ्याकडे आली. दर गुरुवारी त्यांना डोंगरावरच्या दवाखान्यात हातापायांच्या व्यायामासाठी न्यायचं असे. दुसऱ्या कुठल्या गाडीत ते बसत नसत. बुटक्या मोटारीतून उतरणं म्हणजे विहिरीतून वर येणं, असं त्यांचं म्हणणं. या गाडीत मात्र लाकडी ठोकळ्यावर पाय ठेवून ते साहेबासारखे चढत आणि साहेबासारखे उतरत.

मी शाळेत व्याकरण शिकवतो. माझा आणि यंत्रांचा संबंध कर्ता आणि कर्म इतकाच; त्यातही बहुतेक वेळा कर्म माझंच. घरात मी एखादी फळी ठोकली की दुसऱ्या दिवशी ती सरळ झालेली असे. सासरे धडधाकट होते आणि अधूनमधून आमच्याकडे मुक्कामाला येत तेव्हाची ही गोष्ट. ते कधी बोलून दाखवत नसत. फळीकडे बघत, माझ्याकडे बघत आणि "हं" म्हणत. व्याकरणात त्याला केवलप्रयोगी अव्यय म्हणतात, आमच्या घरात त्याला निकाल म्हणत. आता हात चालत नव्हता, पण हं शाबूत होता. मी गाडी चालवायला लागलो की ते डोळे मिटून, मान इंजिनाकडे किंचित कलती ठेवून बसत. माझा प्रत्येक चुकलेला गिअर ते ऐकताहेत आणि कुठेतरी आत नोंदवताहेत, याबद्दल मला शंका नव्हती.

म्हणून या वेळी ठरवलं, गाडी दुरुस्त करून घ्यायचं हे काम आपण करायचं. त्यांना न विचारता. आणि असं करायचं की नंतर कुणाला सरळ करावं लागणार नाही.

आमच्या मेकॅनिकला सगळे 'होईल' म्हणतात, कारण तो कुठल्याही प्रश्नाला तेच उत्तर देतो. वर्तमानकाळाशी त्याचा संबंध नाही. त्यानं बॉनेट उघडलं, एक नळी काढली, आत बोट घालून काहीतरी हलवलं.

"टर्बो गेला," तो म्हणाला. "दांडीला खेळ आलाय, सैल हलतेय. तेल आत जातंय."

टर्बो म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. शंखाच्या आकाराची दोन घरं, मधे एक दांडी, दांडीच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो आणि त्याच दांडीवरचा दुसरा पंखा ताजी हवा इंजिनात कोंबतो. थोडक्यात, निघून चाललेल्याकडून जाता जाता राहणाऱ्यांचं काम करून घ्यायचं. आमच्या शाळेत निवृत्तीला आलेल्या शिक्षकांवर हाच प्रयोग चालतो.

"नवीन तीन प्रकारचे मिळतात," होईल म्हणाला. "एक, होता तसाच. दुसरा, घर तेच पण आतला पंखा थोडा मोठा. तिसरा, मोठा."

"मोठा म्हणजे?"

"म्हणजे मोठा."

"आमच्या गाडीला यातला कुठला बसेल?"

त्यानं गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कुठलाही होईल."

इथे एखाद्या शहाण्या माणसानं पहिला प्रकार घेऊन विषय संपवला असता. पण आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्याकडे स्वतःची स्कूटर आहे, पण मतं सगळी चारचाकी. मी जिन्यात सहज विषय काढला, आणि त्यांनी मला तिथेच पायरीवर बसवलं.

"मास्तर, माणूस कवळी एकदाच बसवतो. मग ती मजबूत नको? लहान टर्बो बसवाल आणि पुन्हा त्याच चढावर दात विचकत बसाल. मोठाच घ्या."

"पण इंजिन जुनं आहे."

"हिरडी जुनीच असते हो! नवी कवळी जुन्याच हिरडीवर बसते."

मी मान डोलावून पायरीवरून उठलो.

दुसरा सल्लागार म्हणजे माझा मेव्हणा. तो परदेशात असतो आणि वडिलांची काळजी फोनवरून घेतो. "भावोजी, मोठा अजिबात घेऊ नका," तो म्हणाला. "मधला घ्या. आधी टर्बोचा नकाशा बघा." टर्बोला नकाशा असतो हे मला नवीन होतं. त्यानं तो पाठवला. मधोमध चिरलेल्या कांद्यासारखं चित्र होतं, पाकळीत पाकळी. "तुमचं इंजिन या कांद्याच्या बरोबर मधे यायला हवं," मेव्हणा म्हणाला. मी संध्याकाळभर त्या कांद्यात आमचं इंजिन शोधलं. डोळ्यांना पाणी आलं, इंजिन सापडलं नाही.

बायको म्हणाली, "बाबांना विचारलंस का?"

"विचारेन."

"आयुष्य गाड्यांमध्ये काढलंय त्यांनी."

"म्हणूनच," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. हं म्हणण्याची कला तिला माहेराहून मिळालेली आहे, पण ती आवाज न करता म्हणते.

शेवटी मोठाच मागवला. खरं कारण कांदाही नाही आणि कवळीही नाही. डोळे पुसणाऱ्या त्या बाई माझ्या नजरेसमोरून जात नव्हत्या.

खोकं आलं. टर्बो जेवणाच्या टेबलावर ठेवला तेव्हा तो एखाद्या भोपळ्याएवढा दिसला. सासरे काठी टेकत आले, त्याच्याभोवती अर्धी फेरी मारून म्हणाले, "हं." मी तो हं मान्यतेचा धरला. अव्ययाचा अर्थ संदर्भावरून घ्यायचा असतो आणि संदर्भ मीच दिला होता.

मग गाडी होईलच्या गॅरेजमध्ये गेली आणि तिथेच राहिली. मोठ्या टर्बोचं तोंड जुन्या नळीला बसेना, म्हणून नळी बदलली. हवा जास्त जाणार म्हणून डिझेल जास्त सोडायला पंपाची मांडणी बदलली. डिझेल जास्त, म्हणजे ताकद जास्त. ती जुन्या क्लचला पेलवेना, तो घसरायला लागला. म्हणून क्लच. सगळं झाल्यावर कळलं की बॉनेट लागत नाही. टर्बो वर येत होता. "होईल," असं म्हणून होईलनं बॉनेटला भोक पाडलं आणि पत्र्याच्या कारागिराकडून त्यावर फुगवटा बसवून घेतला. आमच्या गाडीला कुबड आलं.

मी हे हसत सांगतोय, पण त्या काळात गुरुवार थांबत नव्हते. पहिल्या गुरुवारी मी टॅक्सी आणली. बुटकी होती. दवाखान्याच्या दारात सासऱ्यांना बाहेर काढताना मी एका काखेत हात घातला, टॅक्सीवाल्यानं दुसऱ्या, आणि "एक, दोन, तीन" म्हणून आम्ही त्यांना ओढलं. त्यांचा सदरा वर सरकला, एक बूट आतच राहिला. दारात रांगेत बसलेल्या लोकांनी सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. सासऱ्यांनी काही म्हटलं नाही. हंसुद्धा नाही.

पुढच्या गुरुवारी ते म्हणाले, "आज नको. जरा कणकण आहे."

त्याच्या पुढच्या गुरुवारीही कणकणच होती.

"कणकण वगैरे काही नाही," बायको स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा हात पुन्हा आखडायला लागलाय. काल पेला धरता आला नाही त्यांना, सुटला. मला काय वाटतं सांगू? तो टर्बो नकोच होता आपल्याला. नुसती गाडी हवी होती."

मी गॅरेजमध्ये जाऊन होईलवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदाच कुणावर तरी भूतकाळात ओरडलो: "झालं का नाही?" गाडी त्याच आठवड्यात मिळाली.

पण रस्त्यावर आणण्याआधी ती वाहन तपासणी कार्यालयात दाखवायला हवी होती. खिडकीमागच्या साहेबांनी एकदा कागद पाहिला, एकदा बाहेर येऊन गाडी पाहिली.

"कागदावरच्या गाडीला कुबड नाही," ते म्हणाले.

"नवीन आलंय."

"म्हणजे ही ती गाडी नाही."

"अहो, तीच आहे."

"तीच असती तर तशीच असती."

तर्क बिनतोड होता. व्याकरणाच्या शिक्षकाला अशा ठिकाणी विनाकारण आदर वाटतो. मी सासऱ्यांच्या हाताची हकीकत सांगितली. साहेबांचा चेहरा मऊ झाला. त्यांच्याही घरी कुणीतरी अंथरुणावर असावं. त्यांनी तात्पुरती परवानगी लिहून दिली. बाहेर येऊन वाचली तर 'दवाखान्यात जाण्यासाठी' एवढंच होतं. मी परत खिडकीशी गेलो.

"आणि परत येण्यासाठी?"

"ते तुम्ही मागितलंच नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांनी दुसरा अर्ज पुढे सरकवला.

असा तो गुरुवार उजाडला. दातवाले डॉक्टर खाली निरोपाला आले. त्यांनी कुबडावर थाप मारली आणि म्हणाले, "आता बघा!" सासरे ठोकळ्यावर पाय ठेवून चढले. या खेपेला बायकोला मागून हात द्यावा लागला, हे आम्ही तिघांनीही पाहिलं आणि तिघांनीही पाहिलं नाही असं केलं.

सपाट रस्त्यावर गाडी चांगली चालली. चढ सुरू झाला. मी पाय दाबला. काही झालं नाही. आणखी दाबला. गाडी विचारात पडल्यासारखी रेंगाळली. मोठा पंखा फिरायला धूर जास्त लागतो, आणि धूर जास्त यायला इंजिन आधी जोरात फिरावं लागतं, हे मला कुणीतरी सांगितलं असेलही, पण कांद्याच्या भाषेत. मी पाय तसाच ठेवला. एक वळण आलं, आणि नेमक्या त्या वळणावर टर्बोला जाग आली. मागून कुणी लाथ घालावी तशी गाडी उसळली. मी चाक फिरवलं, सासऱ्यांचा चांगला हात माझ्या गुडघ्यावर येऊन आदळला, आणि बॉनेटखाली बंदुकीसारखा बार झाला.

मग शांतता. आणि काळा धूर. भरपूर.

मी गाडी कशीबशी कठड्याला लावली. सासऱ्यांना उतरवलं, कठड्यावर बसवलं. ते पांढरे पडले होते. मीही पडलोच असणार. बॉनेट उघडून बघितलं तर हवेची एक जाड रबरी नळी तिच्या जागेवरून निखळून लोंबत होती, आणि तिला आवळणारी पट्टी खाली कुठेतरी दरीत गेली होती.

मी त्यांच्या शेजारी येऊन बसलो. बाजूनं गाड्या जात होत्या. मला सासऱ्यांकडे बघवेना. मी जन्मभराचा हं ऐकायची तयारी केली.

"बाबा," मी म्हणालो, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं ना, हा टर्बो चालणार नाही ते?"

"मला?" ते म्हणाले. "मला कसं ठाऊक असणार?"

"तुमची गाडी आहे."

"अहो जावईबापू, गाडी ड्रायव्हर चालवायचा. मी मागे बसून कागद बघायचो. निवृत्त झाल्यावर चालवायला शिकलो, पण झाकण उघडून कधी बघितलं नाही. आत टर्बो नावाचं काही आहे हे मला तुम्ही टेबलावर ठेवलंत तेव्हा कळलं."

"पण मी चालवताना तुम्ही डोळे मिटून इंजिन ऐकत असता."

"इंजिन कुठलं! वळणावर गरगरतं मला. तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून बोललो नाही."

एक बस घरघरत वर गेली.

"आणि हे व्यायाम," ते पुढे म्हणाले, "आठवडाभर मी त्यांची वाट बघतो असं नका समजू. हाताला काय यायचं ते येईल. पण घरात सगळे मला धरून चालवतात. इथे निदान मी गाडीत बसलेला असतो. बाहेरून बघणाऱ्याला काय कळतंय, आत कोण कसा आहे ते?" त्यांनी उजव्या हातानं सदरा खाली ओढला. "टॅक्सीच्या दिवशी सगळ्यांना कळलं."

"चूक माझी झाली," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले. "पण मला तेव्हाच 'टॅक्सी नको' म्हणता आलं असतं. कणकण आहे म्हणालो."

ऊन वर आलं होतं. ते उठायला लागले, मी हात दिला. "ती नळी बांधता येते का बघू," ते म्हणाले. पट्टी नव्हती, दोरी नव्हती. माझा कमरेचा पट्टा होता. मी दोन्ही हातांनी नळी जागेवर दाबून धरली, त्यांनी उजव्या हातानं पट्टा दोनदा फिरवला आणि टोक दातात धरून आवळला. त्या क्षणी दातवाल्या डॉक्टरांचा काही उपयोग झाला असता, पण ते घरी होते.

गाडी सुरू झाली. मी पाय अगदी हलका ठेवला, त्या मोठ्या पंख्याला जाग येऊ न देता, आजारी माणसाच्या खोलीतून चालावं तसा. आम्ही वर पोचलो. दवाखान्याच्या दारात सासरे ठोकळ्यावर पाय ठेवून स्वतः उतरले. मी त्यांना आधार देऊ शकलो नाही, कारण एका हातानं मी पँट धरली होती. व्यायाम घेणाऱ्या बाई पुढे आल्या, दोघांकडे पाहून त्यांनी विचारलं, "यातले पेशंट कोण?"

"ते सांगणं अवघड आहे," सासरे म्हणाले. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहिलं. तोंड एका बाजूनंच हसत होतं, पण पुरेसं होतं.

त्यानंतर होईलकडे आम्ही दोघं गेलो. त्यानं पुन्हा तिन्ही प्रकार सांगितले. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांनाही काही कळत नव्हतं, आणि हे एकमेकांसमोर कबूल असल्यावर निवड फार सोपी असते.

"होता तसाच," आम्ही म्हणालो.

होईलचा चेहरा पडला. इतकं साधं काम त्याच्या वाट्याला क्वचित येत असावं. मोठा टर्बो निघाला, जुन्याच मापाचा नवा बसला, पंप पूर्ववत झाला, कुबड कापून पत्रा सपाट केला. तपासणी कार्यालयातल्या साहेबांनी गाडीभोवती फेरी मारून विचारलं, "कुबड होतं ते कुठे गेलं?" आणि काढल्याचा दाखला मागितला. तो मिळवण्याची कथा मी सांगत नाही. माझा रक्तदाब आता तेवढा चांगला राहिलेला नाही. वरच्या डॉक्टरांनी महिनाभर मला जिन्यात ओळख दिली नाही. मेव्हण्यानं "मी म्हणालो होतो" असा निरोप पाठवला. तो मधला घ्या म्हणाला होता.

गाडी चढ चढायला लागली. फार वेगानं नाही, पण न कण्हता. वळणं आली की मी आधी सांगायचो, "बाबा, उजवीकडे," "आता डावीकडे." त्यांचं गरगरणं कमी झालं. हात थोडा सुटला. पेला धरता यायला लागला, सदऱ्याचं बटण मात्र लागत नव्हतं.

मग एका गुरुवारी व्यायाम घेणाऱ्या बाईंनी आम्हाला दोघांनाही समोर बसवलं. त्या चांगल्या होत्या, म्हणून सरळ बोलल्या. जेवढं यायचं तेवढं आलंय. यापुढे घरीच करा. आता दर आठवड्याला यायची गरज नाही.

सासऱ्यांनी मान डोलावली, उजव्या हातानं त्यांना नमस्कार केला आणि आम्ही बाहेर आलो. ते गाडीत चढले. मी किल्ली फिरवली. दवाखान्याच्या फाटकातून खाली यायला डावीकडे वळावं लागतं. मी वळवायला लागलो तसा त्यांचा हात माझ्या हातावर आला.

"उजवीकडे काय आहे?" त्यांनी विचारलं.

इतक्या वेळा आलो, पण मी कधी उजवीकडे गेलो नव्हतो. "माहीत नाही."

"मग बघू."

रस्ता आणखी वर जात होता. अरुंद, उखडलेला, बराच तीव्र. मी चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला. आम्ही चढत राहिलो. दोन्ही बाजूंना गवत होतं, मग नुसते खडक. शेवटी रस्ता एका पाण्याच्या टाकीपाशी संपला. टाकीजवळ थोडी सपाट जागा, मोडकं कुंपण आणि वारा. बघण्यासारखं काही नव्हतं. खाली दवाखान्याचं छप्पर, त्याखाली चढाची वळणं आणि अगदी खाली आमचं गाव, कुठलं घर आपलं ते ओळखू न येण्याइतकं लहान.

सासरे उतरले नाहीत. खिडकीची काच खाली करून बराच वेळ बघत बसले. डावा हात मांडीवर ठेवला होता, त्यावर उजवा.

"पुढच्या गुरुवारी पुन्हा येऊ," मी म्हणालो. "कुठेही. दवाखाना नसला तरी."

"येऊ," ते म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "उतरताना तो टर्बो लागतो का हो?"

"नाही. उतरताना नाही लागत."

"मग," ते म्हणाले, "सावकाश चला."